पूजेत ठेवलेला कॅमेरा

१ ऑक्टोबर, बुधवार. सरस्वतीपूजा. हजर : अम्मा, अण्णा, वैनी, आमचे हे, मी. एकूण पाच.

माझ्या वहीत त्या दिवसाचं पान असं सुरू होतं. रोजचंच पान असं असतं. आधी तारीख आणि हजेरी, मग कामं, आणि झालेल्या कामापुढे बरोबरची खूण. सव्वीस वर्षं एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते आहे, त्यामुळे हात तसाच चालतो. वही मराठीत लिहिते, कारण कार्यालयात ती कोणाला वाचता येत नाही. आता तंजावरच्या आमच्या घरांतूनही मराठी बोलणारे आहेत, वाचणारे फार थोडे. मला अम्माने पाटीवर शिकवलं. अम्मा म्हणजे माझी आई. मुलींच्या शाळेत तिने चौतीस वर्षं गणित शिकवलं. त्या बुधवारी ती एक्याऐंशी वर्षांची होती.

पानावर पुढे पूजेत काय ठेवलं त्याची नोंद आहे. अम्माचं लॉगरिदमच्या कोष्टकांचं पुस्तक, पुठ्ठा निघालेलं. ह्यांची तीस मीटरची मोजपट्टी. हे कालव्यांच्या खात्यात अभियंता होते, आता निवृत्त आहेत. वैनीची कात्री. अण्णा, माझा थोरला भाऊ, वैनीला घेऊन चेन्नैहून दोन दिवसांसाठी आला होता. त्याने लॅपटॉप पूजेत ठेवायच्या ऐवजी त्याचा नुसता माऊस आणून ठेवला. अम्मा म्हणाली, उंदीर दुसऱ्या देवाचा, ह्या देवीला हंस लागतो. शेवटी माझा कॅमेरा. त्याला मी स्वतः गंध लावलं, गंधावर कुंकू लावलं, आणि दोन शेवंत्या पट्ट्यात खोचल्या.

पूजेत ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशी सकाळची पुनर्पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. त्या दिवशी वाचायचं नाही, लिहायचं नाही, शिवायचं नाही. अम्मा ह्या बाबतीत कडक होती. लहानपणी मी सुंडलाच्या, म्हणजे उकडून फोडणी दिलेल्या हरभऱ्यांच्या, पुडीचा कागद वाचताना सापडले तर तिने पुडी काढून घेतली होती, सुंडलासकट. मी त्या दिवसाचं पानसुद्धा आदल्या दिवशी लिहून ठेवते. हजेरी आधीच माहीत असते, पूजेतल्या वस्तूंची नोंद मागून होते.

कॅमेरा घरात कसा आला ते सांगायला हवं.

त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये अप्पा, माझे वडील, गेले. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि अप्पांचा एकट्याचा फोटो घरात नव्हता. ते कायम कोणाच्या तरी बाजूला उभे राहिलेले. शेवटी एका लग्नातला घोळक्याचा फोटो स्टुडिओत दिला. स्टुडिओवाल्याने अप्पांना घोळक्यातून कापून काढलं, मागे निळा रंग भरला, आणि कापता कापता उजव्या कानाची कड गेली. खांद्यावर कोणाची तरी दोन बोटं राहिली. बोटं कोणाची ते आम्हांला आजही माहीत नाही. फोटो भिंतीवर लागला. अम्मा रोज सकाळी त्याच्यासमोर कॉफी घेऊन बसायची. महिनाभराने एकदा म्हणाली, "ह्यांचा कान कापला गं त्याने. मी रोज त्या कानाकडेच बघते."

थोड्या दिवसांनी तिने मला बोलावून काम सांगितलं. ज्या आवाजात ती पूर्वी वर्गाला गृहपाठ सांगायची त्याच आवाजात. भिंतीवरचा तिचा फोटो आत्ताच काढून ठेवायचा. एकटीचा, दोन्ही कान असलेला. तो तिला दाखवायचा. तिने पसंत केला तर ठेवायचा, नाहीतर पुन्हा काढायचा. "माझा फोटो मी बघून ठरवणार," ती म्हणाली. "मागनं तुम्ही घाईत काय लावाल, माहीत अस्से मज."

मी वहीत लिहिलं : अम्माचा फोटो. ते काम क्रमांक एक.

फोन होता, पण मला फोनचा नको होता. भिंतीवर मोठा करून लावायचा तर नीट हवा, आणि नीट करायचं तर शिकून करायला हवं. मी दोन पानांवर रकाने आखले : वजन, हातात बसणं, बॅटरी, लेन्सा, दुरुस्ती कुठे होते. पाच महिने वाचलं, विचारलं. ऑगस्टमध्ये तिरुचीला गेलो, हे आणि मी. दुकानदार आम्हांला आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे नेत होता. ते हलके, त्यांच्या पडद्यावर सगळं आधीच दिसतं. मी डीएसएलआर मागितल्यावर तो म्हणाला की आरशाचे कॅमेरे आता कोणी घेत नाही, मॅडम, ती जात संपत आली. "आमच्यासारखीच," हे म्हणाले. दुकानदाराला आमची मराठी कळली नाही म्हणून ह्यांनी तेच तमिळमध्ये पुन्हा सांगितलं, आणि मग तो हसला.

माझी कारणं वहीत लिहिलेली होती. आरशातून दिसतं ते खरं दिसतं, पडद्यावरचं चित्र नसतं. बॅटरी दिवसेंदिवस टिकते. जुन्या लेन्सा मिळतात. आणि कॅमेरा हातात भरतो. मी डोळे मिटून तीन कॅमेरे हातात घेऊन पाहिले. एकावर करंगळीला जागाच नव्हती. दुसऱ्याची चाकं अंगठ्याला सापडेनात. तिसरा घेतला. त्याच्याबरोबर येणारी साधी लेन्स घेतली नाही, पन्नास मिलिमीटरची एक घेतली. ती पुढे-मागे होत नाही, जवळ जायचं तर आपल्या पायांनी जायचं. माणसांच्या फोटोंना ती चांगली, असं सगळे सांगत होते. दुकानदाराने एक गोष्ट बजावली ती मी वहीत लिहून घेतली : बटण दाबलं की आरसा वर जातो आणि तेवढा क्षण आपल्याला काळोख दिसतो. म्हणजे फोटो ज्या क्षणाचा निघतो तो क्षण काढणाऱ्याला दिसत नाही. ह्याची सवय होते, तो म्हणाला. झाली.

अम्माला पहिल्यांदा बसवलं ते सप्टेंबरमध्ये, कॅमेरा येऊन तीन आठवडे झाले होते. फ्लॅश लावला. अम्माने चष्मा पुसून फोटो पाहिला आणि गुण दिले. दहात तीन. जेलमधल्या बाईचा असा काढतात, म्हणाली. दुसऱ्यांदा जानेवारीत बसवलं, फ्लॅशशिवाय. दहात पाच. ह्या वेळी कान स्वच्छ आले होते आणि डोळे पुसट. "अप्पांचं उलट केलंस," ती म्हणाली. "आधी शीक. मग ये. मी कुठे जाते?"

मी शिकले. वेळापत्रक केलं. शनिवारी पहाटे मोपेडवरून तिरुवैयारुला, कावेरीच्या घाटावर, पाण्यावरच्या उजेडासाठी. रविवारी एकदा बसने पापनाशमकडे, भाताच्या खाचरांतले बगळे. मोठ्या कोविलात, म्हणजे देवळात, तिपाई नेऊ देत नाहीत, म्हणून तिथे हात स्थिर ठेवायला शिकले, कोपर बरगडीला टेकवून, अर्धा श्वास सोडून. घरी समईवर सराव. समई हलत नाही, कंटाळत नाही. समईचे माझ्याकडे सहाशेच्या वर फोटो आहेत. प्रत्येक फोटोचे आकडे वहीत : लेन्सचं तोंड किती उघडं, किती वेळ, उजेडाची संवेदनशीलता किती. चूक काय झाली तेही. लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं की एक डोळा लख्ख येतो आणि दुसरा विरघळतो. तोंड थोडं मिटून चारच्या आकड्यावर ठेवलं की दोन्ही डोळे येतात आणि कानही येतात. हे मी मे महिन्यात शिकले. ह्या लेन्सवर अम्मासाठी आकडा चार, हे तेव्हा ठरलं.

त्याच महिन्यात मी तिला बसवू शकले असते. पण यादी पुरी झाली नव्हती. कूडमात, म्हणजे घराच्या मधल्या मोठ्या खोलीत, पूर्वेची एक खिडकी आहे. तिथला उजेड मी तासातासाने तपासत होते. साडेसहा ते पावणेआठ हा सगळ्यात चांगला, असं जूनमध्ये लक्षात आलं. मग समोरच्या बाजूला पांढरं काही तरी हवं, चेहऱ्याची दुसरी बाजू काळी पडू नये म्हणून. ह्यांचं धुतलेलं वेष्टी, म्हणजे धोतर, दोरीवर टाकून पाहिलं, चाललं. मग स्टुलाची उंची. मग मागची भिंत. अम्मा येता-जाता बघायची. एकदा वेष्टीला म्हणाली, "जावई वाळत घातलेत काय?" पण घाई कर, असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. सप्टेंबरच्या शेवटी पानाच्या खाली मी लिहिलं : तयार. नवरात्र झालं की बसवायचं.

आता तो बुधवार.

पूजा सकाळी झाली. जेवणं झाली, अण्णा आणि हे झोपले, वैनी आणि मी भांडी आवरली. साडेचारच्या सुमाराला आकाश भरून आलं होतं, पाऊस नव्हता. ढगाळ दुपारी कूडमात सगळीकडून सारखा उजेड येतो. पूर्वेच्या खिडकीपेक्षाही मऊ. मी सराव करताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी सकाळच ठरवून बसले होते.

अम्मा तिच्या खोलीतून बाहेर आली. अंगावर वांगी रंगाचं रेशमी लुगडं होतं. अप्पा गेल्यापासून तिने ते नेसलं नव्हतं, ती फिकट सुती नेसायची. केस विंचरलेले, ओले करून बसवलेले. ती स्वतः स्टूल ओढून भिंतीजवळ बसली, हात मांडीवर ठेवले, आणि मला म्हणाली, "घे गं. आज बरं वाटतंय मज."

मी पूजेकडे पाहिलं. कॅमेरा लॉगरिदमच्या पुस्तकाला टेकून होता, गंध वाळलेलं, शेवंत्या मान टाकलेल्या.

अण्णा उठून आला होता. त्याने खिशातून फोन काढला. कोणीही पूजेत फोन ठेवत नाही, त्याच्याही आणि माझ्याही हातात फोन होता. तो म्हणाला मी काढतो. मी त्याच्या फोनवर हात ठेवला. फोनचा नको म्हटलं. अम्माला म्हटलं, "उद्या सकाळी. पुनर्पूजा झाली की कॅमेऱ्याचं पहिलं काम हेच. उद्या विजयादशमी आहे, चांगलंच आहे."

हे खरोखर चांगलं होतं. आमच्याकडे मुलांना पहिलं अक्षर त्याच दिवशी गिरवायला लावतात. सकाळचा उजेड ठरलेला होता, वेष्टी धुतलेलं होतं. हे दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले की समई जरा उत्तरेला सरकवली की पूजा संपते, देवीला विचारून घ्या, ती काही परीक्षा घेत नाही बसली. वैनी हसली. अम्मा हसली नाही. ती पूजेकडे बघत होती. तिने सांगितलं असतं तर मी कॅमेरा उचलला असता. ती म्हणाली, "नियम मीच घातला नं." थोडा वेळ तशीच स्टुलावर बसून राहिली. मग तिने सुंडल मागितलं, आणि मी वाटी आणायला गेले. मी परत आले तेव्हा ती लुगडं बदलून आली होती. घडी पलंगावर होती. उद्यासाठी बाहेरच ठेव म्हणाली.

सकाळी सहाला मी कॉफी घेऊन गेले. अम्मा पलंगाच्या कडेला बसली होती. तिने टंबलर डाव्या हाताने धरायला घेतलं आणि ते तिच्या बोटांतून खाली गेलं. कॉफी लुगड्याच्या घडीवर गेली. ती काहीतरी म्हणाली, त्यातला एक शब्द मला कळला नाही. मी दिवा लावला. चेहऱ्याची डावी बाजू खाली आली होती.

इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : शेवटचं नीट कधी पाहिलंत? मी सांगितलं, रात्री सव्वानऊ, तिने पंखा एकावर करायला सांगितला तेव्हा. डॉक्टरांनी वेळ लिहून घेतली आणि अशी नेमकी वेळ फार थोडे जण सांगतात, म्हणाले. औषध द्यायची वेळ मात्र निघून गेली होती, त्यांच्या हिशेबाने ती सव्वानऊपासून धरायची.

एकोणीस दिवस इस्पितळात. मी कार्यालयातून रजा घेतली, अण्णा आठवड्याला येऊन-जाऊन राहिला, दुपारी इथेच राहिलेली वैनी किंवा हे, रात्री मी. मी तक्ता केला. गोळ्या, रक्तदाब, कुशीवर वळवायच्या वेळा, व्यायाम. नर्सने तो तक्ता बघून शेजारच्या खाटेसाठी तसाच करून मागितला, मी करून दिला. भेटायला येणारे विचारायचे तू कशी आहेस, मी सांगायचे की डाव्या पायात थोडी ताकद येते आहे. त्यांना ते चालायचं. मी नीट जेवत होते, नीट झोपत होते. एकदा वैनीने माझा हात धरून ठेवला, बराच वेळ, आणि मला आठवतं की मी त्या वेळात धोब्याकडे किती कपडे गेले आहेत ते मोजत होते.

पुनर्पूजा कोणी केली नाही. चौथ्या दिवशी मी घरी अंघोळीला आले तेव्हा पूजा तशीच होती. सुंडलाला वास आला होता. मी सगळं आवरलं. कात्री वैनीच्या पिशवीत, मोजपट्टी कपाटात, माऊस अण्णाच्या बॅगेत, पुस्तक अम्माच्या उशाशी. कॅमेरा पिशवीत घातला आणि चेन लावली. गंध पुसलं नाही. ते यादीत नव्हतं.

अम्मा घरी आली. बोलणं हळू, शब्द जड, पण सगळं कळत होतं. डावा हात मांडीवर पडून राहायचा. चेहऱ्याची डावी बाजू थोडी वर आली, पूर्ण नाही. डोळा अर्धा मिटलेला, ओठ ओढलेला. घरात फोटोबद्दल कोणी बोललं नाही. अण्णाने एकदा मला फोनवर सांगितलं की आता तो विषय नको, तिला वाईट वाटेल, वेळ येईल तेव्हा जुन्या फोटोतून काहीतरी काढू. मी बरं म्हटलं. मग बसून संगणकावरचे सगळे फोटो बघितले. दोन वाईट सोडून अम्मा आणखी सदतीस फोटोंत आहे. सगळ्यांत समईच्या मागे. कुठे कोपर, कुठे पदर, कुठे पाठमोरी, सगळीकडे पुसट, कारण नेम समईवर होता. कान एकाही फोटोत नाही.

दरम्यान पावसाळा येऊन गेला. आमच्याकडचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, भिंती ओल्या, कपडे वाळत नाहीत. तेव्हा कॅमेऱ्याची पिशवी उघडून त्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या बदलायच्या असतात. ते मला माहीत होतं. वहीत दर पंधरा दिवसांनी तशी नोंदही आहे. एकाही नोंदीपुढे खूण नाही.

फेब्रुवारीत हयातीचा दाखला द्यायची वेळ आली. अम्माला निवृत्तिवेतन मिळतं, त्यासाठी दरवर्षी माणूस जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. ती बाहेर जाऊ शकत नाही म्हणून एक माणूस घरी आला. त्याने उजव्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि फोटोसाठी फोन समोर धरला. अम्माने उजव्या हाताने पदर खांद्यावर ओढून घेतला, आणि चेहरा वळवला, डावी बाजू भिंतीकडे. तो माणूस नम्रपणे तमिळमध्ये म्हणाला, सरळ बघा अम्मा. ती वळली नाही. त्याने पुन्हा सांगितलं. ती त्याच्याकडे अशी बघायला लागली जणू तो तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसला आहे. शेवटी मी म्हटलं, आधी एक असाच घ्या, मग सरळ घेऊ. त्याने दोन्ही घेतले. सरळ आलेला सरकारला गेला. वळलेला तिने बघायला मागितला. फोन त्याने तिच्या समोर धरला, तिने चष्मा मागितला, मी लावून दिला. बराच वेळ बघितला.

"कान आला," ती म्हणाली.

त्या माणसाला मी कॉफी दिली, तो गेला. दार लावून मी परत आले तर अम्मा अजून त्याच खुर्चीत होती, चेहरा तसाच वळवलेला. तिला ओठ जुळवायला वेळ लागतो. मी थांबले.

"आज पूजा नाही नं?" ती म्हणाली.

हे आतल्या खोलीत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, तो आवाज मला आला. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग?"

मी पिशवी आणली. चेन गंजली नव्हती पण घट्ट झाली होती. कॅमेऱ्याच्या बटणाभोवती गंध वाळून पांढरं झालं होतं, कुंकवाचा ठिपका काळा. बटण दाबलं तर ते खाली गेलं आणि वर यायला वेळ लागला. मी लेन्स काढून उजेडाकडे धरली. आत बुरशी होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक, मधोमध नाही, कडेने. ह्यांनी माझ्या खांद्यावरून बघितलं. मी अम्माला सांगितलं की लेन्स खराब झाली, दुरुस्तीला पाठवायला लागेल. ती म्हणाली, "पाठव." मग चेहरा सरळ केला आणि टीव्ही लाव म्हणाली.

फोन टेबलावर होता. ती त्याच्याकडे बघत होती आणि मीही. तिने फोनचं नाव काढलं नाही, मी पण नाही. काही महिन्यांपूर्वी मीच नको म्हटलं होतं.

बटणातलं गंध मी घरीच काढलं, कापसाला थोडं स्पिरिट लावून. आता ते नीट चालतं. लेन्स चेन्नैला पाठवली. अण्णाने दुकान शोधलं. त्याला मी कशासाठी ते सांगितलं, तर तो म्हणाला, "अक्कल तिलाच आहे आपल्यात." मग पत्ता दिला.

लेन्स गेली त्या दिवसापासून अम्माने तयारी सुरू केली. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना तिने सांगितलं की मान उजवीकडून डावीकडे किती वळली पाहिजे, आणि त्या कोनात ती किती वेळ टिकली पाहिजे. बाईंनी विचारलं कशासाठी. अम्मा म्हणाली, भिंतीसाठी. बाईंना वाटलं की भिंतीला धरून चालण्यासाठी. त्या तसा व्यायाम देऊ लागल्या. त्यामुळे ती भिंतीला धरून चार पावलं चालायला लागली आहे, हेही झालं. वांगी लुगड्यावरचा कॉफीचा डाग धोब्याकडून पूर्ण निघाला नाही, पण तो पदराखाली जातो. मी नेसवून पाहिलं. पदर उजव्या हातापर्यंत पुढे घेतला की दिसत नाही.

मी पान नव्याने लिहिलं. वेळ साडेसहा ते पावणेआठ, आता मार्चचं ऊन म्हणून सव्वासातपर्यंतच. अम्मा खिडकीच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे उजेड उजव्या गालावर पडेल. वेष्टी नको, डाव्या बाजूला सावली राहिली तरी चालेल. स्टूल नको, हात असलेली खुर्ची. आकडा चार. नेम उजव्या डोळ्यावर. ह्यांनी बघून विचारलं, हे सगळं कधी ठरवलंस. मी म्हटलं कार्यालयात, जेवणाच्या सुट्टीत.

लेन्स बावीस मार्चला परत आली. खोकं टेबलावर आहे. सोमवारी कार्यालयात परीक्षांचं काम होतं म्हणून नाही झालं. मंगळवारी सकाळी ढग होते. बुधवारी ढग नव्हते. गुरुवारी अम्माच्या गोळ्या बदलल्या. शुक्रवारी मी साडेसहाला उठले, खिडकी उघडली, खुर्ची लावली, अम्माला विचारलं, ती हो म्हणाली, आणि मग मी कॉफी करायला गेले आणि नंतर कार्यालयाला उशीर होत होता. अम्मा खुर्चीत बसून होती. तिने गुण दिले नाहीत.

तो फोटो तिने बघून पसंत केला की काम संपतं. ते काम कशासाठी होतं ते आम्हां दोघींना माहीत आहे. तिला त्याचं काही वाटत नाही, असं ती म्हणते. मला काय वाटतं ते मी वहीत लिहीत नाही, वहीत कामं असतात.

आज रविवार आहे. ऊन स्वच्छ आहे. बॅटरी भरून झाली. कार्ड रिकामं केलं. खुर्ची जागेवर आहे, लुगडं इस्त्री करून पलंगावर आहे, अम्मा उठून बसली आहे. लेन्सचं खोकं उघडायचं राहिलं आहे.